आप्पांच्या धुपीचे फुटवे

फुटवे पुन्हा गायब झाले होते.

मागच्या खेपेला मी स्वतः पाहिले होते. बुंध्यावर, सालीच्या भेगांतून वर आलेले मोहरीएवढे हिरवे ठिपके. फोटोही काढला होता. आता त्या जागी काहीच नव्हतं. मी चष्मा पुसून परत लावला, मोबाइलमधला फोटो मोठा करून बुंध्याशेजारी धरला. जागा तीच होती, साल जरा ओलसर होती, फुटवे नव्हते. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला अजून उधन्यातल्या दोन ऑफिसांची झाडं बघायची होती.

"काय झालं ताई?" किशोरभाईंनी दारातून विचारलं.

"बघतेय."

"मागच्या टाइमलापण तुम्ही बघतेयच म्हणालात."

खरं होतं. मी मोबाइल पिशवीत टाकला.

मी बोन्साय करते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिक सोडून सुरतेजवळ हजिऱ्याला आले, तिथल्या टाउनशिपच्या बागेची देखरेख करता करता शिकले आणि पुढे त्याचाच धंदा झाला. बोन्साय म्हणजे झाडावर अत्याचार, असं प्रत्येक लग्नात मला कोणी ना कोणी ऐकवतं. पूर्वी मी समजावून सांगायचे, आता जेवते. या धंद्यात हाताचं काम थोडं आणि वाट बघणं फार. क्लायंटला नेमकं तेवढंच जमत नाही. सुरतेत तर नाहीच. इथे सकाळी दिलेलं कापड संध्याकाळी रंगून परत येतं, मग झाडाला एवढा वेळ का लागतो हे लोकांना पटत नाही.

किशोरभाई पाटील मूळचे चोपड्याकडचे, पण वाढले सुरतेत. लिंबायतमध्ये त्यांचं खातं आहे. पॉवरलूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. नवागामच्या रो-हाउसमध्ये ते, बायको आणि वडील असे राहत होते. दसऱ्याला पाल भागातल्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर जायचं ठरलं होतं. अडचण होती ती एका झाडाची.

झाड जपानी सीडरचं. दार्जिलिंगकडे याला धुपी म्हणतात. किशोरभाईंच्या आई फिरायला गेल्या होत्या, तिथून त्यांनी हातभर रोप प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाडीत मांडीवर घेऊन आणलं. थंड डोंगरातलं झाड सुरतेत जगलंच कसं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आई गेल्यावर झाड आप्पांकडे आलं. आप्पा म्हणजे किशोरभाईंचे वडील. त्यांनी आयुष्यभर केळीची शेती केली, आता जमीन भावाच्या मुलांकडे देऊन ते मुलाकडे राहायला आले होते. सकाळ-संध्याकाळ ते झाडाला झारीने अंघोळ घालायचे. ते जगण्याचं एक कारण हेच असावं.

जगलं, पण रूप काही नव्हतं. डाइंगच्या रंगाचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात ते लावलेलं. ड्रम कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या बोळात. उजेड फक्त वरून, म्हणून झाड उजेड शोधत नुसतं उंच गेलं. आप्पांच्या डोक्याच्याही वर. खालचा अर्धा बुंधा उघडा, वर मोजून पाच-सहा फांद्या, त्याही निम्म्या एकाच बाजूला.

"सोसायटीचा रूल छे, गॅलरीत ड्रम नाही चालशे," किशोरभाई म्हणाले होते. "एका माणसाला उचलता येईल एवढी कुंडी पाहिजे. होत असेल तर करा, नाहीतर मी हे खात्यावर नेऊन ठेवतो."

खात्यावर पत्र्याची शेड, मशीनची गरमी आणि हवेत उडणारी रुई. तिथे हे झाड पावसाळासुद्धा बघणार नाही, हे मला दिसत होतं. आप्पांनाही दिसत असावं. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी निघाले तेव्हा त्यांच्या अहिराणीत फक्त एवढंच म्हणाले, "ताई, हाई झाड तिनी मांडीवर बशीसन उनं शे." बायकोच्या मांडीवर बसून आलेलं झाड. मी काम घेतलं.

विरळ फांद्यांच्या झाडाचं बोन्साय करायचं तर आधी फांद्या तयार कराव्या लागतात. झाडाचा सगळा जोर शेंड्याकडे असतो. शेंडा कापला की जोर खाली राहतो आणि सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात. उसाच्या कांडीवर असतात तसेच हे डोळे. धुपीची जात या बाबतीत गुणी आहे, जुन्या लाकडावरही फुटते. फुटव्यांना उजेड मिळाला, की त्यातले चांगले निवडायचे, तारेने वळवायचे आणि त्यांच्या फांद्या करायच्या. धोका एकच. शेंडा कापल्यावर झाडाकडे पाला थोडा उरतो. नवे फुटवे आले नाहीत तर तेवढ्या पाल्यावर झाड फार दिवस काढत नाही. कापलेला शेंडा परत चिकटवता येत नाही.

होळी झाली आणि मी शेंडा कापला. झाड छातीएवढं उरलं, फांद्या तीन. ड्रम बोळातून ओट्यावर आणला, वर हिरवी जाळी बांधली. हे सगळं का करायचं ते मी किशोरभाईंना नीट समजावलं, कारण मला बोलावलं त्यांनी होतं. त्यांचं अर्धं लक्ष फोनवर होतं. आप्पा त्या दिवशी घरातून बाहेरच आले नाहीत. कापताना बघवलं नसेल, असं मला वाटलं.

फुटवे आले. मला बरं वाटलं. आणि मग गेले.

पहिला संशय पाण्यावर. त्या भागातलं बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. मी फिल्टरचं पाणी घालायला सांगितलं. आप्पा बादल्या भरून ठेवू लागले. पुन्हा फुटवे आले, पुन्हा गेले. मग लाल कोळीचा संशय. ही कीड डोळ्यांना सहज दिसत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची, लाल ठिपके चालताना दिसले तर आहे. कागद कोरा राहिला. तरी निंबोळीचं तेल फवारलं. मग खारीवर आळ घेतला. नवागामला खारी भरपूर, कोवळं काहीही कुरतडतात. बुंध्याभोवती बारीक जाळी गुंडाळली, तारेने बांधली.

पुढच्या खेपेला जाळी जशीच्या तशी होती. फुटवे नव्हते.

मी हात टेकले. जाळीच्या आतलं खार कशी खाईल? मी घरी जाऊन जुन्या मंडळींना फोन केले. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, झाड थकलं असेल, आलेला फुटवा स्वतःच गाळत असेल. नाशिकची मैत्रीण म्हणाली, सुरतेत सीडरचं काम घ्यायला तुला सांगितलं कोणी. तिचं बरोबर होतं. उरलेल्या तीन फांद्यांपैकी एकीची टोकं पिवळी पडायला लागली होती आणि रात्री जेवताना माझ्या डोळ्यांपुढे तेवढीच फांदी यायची.

त्यात किशोरभाईंनी एक आमिष दाखवून ठेवलं होतं. टॉवरचा बिल्डर त्यांच्या ओळखीचा. लॉबीतल्या सगळ्या झाडांचं वर्षाचं काम द्यायचं होतं. "आमचं झाड झालं की त्यालाच दाखवतो," असं ते म्हणाले होते. गुडघे दुखणाऱ्या बाईला एकाच इमारतीत वर्षभराचं काम म्हणजे काय, हे स्कूटरवरून उधना दरवाजाची गर्दी ओलांडणाऱ्यालाच कळेल.

जूनमध्ये एका सकाळी उधन्याच्या ऑफिसचं काम ऐनवेळी रद्द झालं. वाटेत नवागाम, म्हणून फोन न करता गेले. गेट उघडंच होतं.

आप्पा ओट्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. मी बांधलेली जाळी सोडून, नीट गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवली होती. अंगठ्याच्या नखाने ते बुंध्यावरचा एक-एक ठिपका अलगद काढत होते. कुठे साल सोलली जाऊ नये याची काळजी घेत होते. काढून झालं की ओल्या फडक्याने तेवढी जागा पुसत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या ताई. आज ह्या बराच निंघनात."

"आप्पा, हे काय करताय?"

"पिल्लं काढी ऱ्हायनू." त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर हिरवे कण होते. "मायनं बळ खाई जातंस ह्या. तुम्ही वरतून शेंडा कापा, तव्हय मनामा म्हनं, झाडले हलकं करानं चाली ऱ्हायनं. खालतून मी काढस."

मी पायरीवर बसले.

केळी लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. केळीच्या बुडाशी पिल्लं येतात, ती आईचं अन्न खातात, घड बारीक पडतो. म्हणून पिल्लू दिसलं की कापायचं. आप्पांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं पहाटे उठून तेच केलं होतं. बुंध्यातून काही कोवळं वर आलं की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. झाड आजारी आहे, तीनच फांद्यांवर जगतंय, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते जास्तच काळजीने काढत होते. मी फिल्टरचं पाणी सांगितलं, जाळी बांधली, त्यातून त्यांनी एकच अर्थ काढला होता, की झाडाची तब्येत नाजूक आहे आणि पिल्लं राहू देऊन चालणार नाही. रोज जाळी सोडायची, पिल्लं काढायची, जाळी तशीच बांधायची. काही लपवायचं म्हणून नव्हे, काम नीट करायचं म्हणून. मी येऊन बघायचे तेव्हा ते आत चहा ठेवायला सांगायला गेलेले असायचे.

मला राग आला होता. आधी त्यांचा, मग किशोरभाईंचा, मग उन्हाचा. राग उतरल्यावर नुसता थकवा राहिला.

"आप्पा," मी म्हटलं, "ही केळ नाही. ही पिल्लं नाहीत. या झाडाच्या फांद्या अशाच निघतात, बुंध्यातून. शेंडा मी याच्याचसाठी कापला. हे ठिपके वाढले की फांद्या होणार होत्या."

त्यांनी तळहाताकडे बघितलं. मग झाडाकडे. शेजारच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"मंग मीच मारी ऱ्हायंतू का हाई झाडले?"

नाही म्हणावं तर पुन्हा काढतील. मी म्हटलं, "अजून मेलेलं नाही. आता काढू नका."

त्यांनी तळहातावरचे कण झटकले नाहीत. तसेच मुठीत धरून बसले. मग आत कोणी ऐकत नाही ना ते बघून हळूच म्हणाले, "किशोरले सांगशात?"

सांगायलाच हवं होतं. दोन महिने तो माणूस मला विचारत होता.

"मागे मनाकडतून गॅस चालू ऱ्हाई गयथा," आप्पा म्हणाले. "तव्हयपाईन सयपाकघरमा जाऊ देतंस नही. गाडी इकी टाकी. बजारमा एकटा जाऊ देतंस नही. मना हातमा आते हाई एकच काम शे."

त्यांनी विनवणी वगैरे केली नाही. मी जाळी उचलली, पण परत बांधली नाही. तिचं काही काम नव्हतं.

संध्याकाळी किशोरभाईंचा फोन आला. त्यांच्या बायकोने मी येऊन गेल्याचं सांगितलं होतं.

"ताई, साचं बोला. जमशे की नाही?"

"फुटवे टिकत नाहीयेत," मी म्हटलं. "सुरतेची हवा आहे. माझा अंदाज चुकला."

"मग आधी सांगायचं ना. शेंडा कापून बसलात. आप्पांनी जेवण सोडलंय आज, माहीत आहे?"

"पावसाळ्यापर्यंत थांबा."

"थांबतो. पण ते लॉबीचं मी आता कोणत्या तोंडाने बोलू बिल्डरशी? तुम्हीच सांगा."

"नका बोलू," मी म्हटलं.

हे मी फार मोठं काही केलं असं सांगत नाही. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर घरात आवाज चढले असते, मला पुन्हा फोन आला असता, पुन्हा समजावत बसावं लागलं असतं. माझ्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. आणि त्या मुठीतले हिरवे कण डोळ्यांपुढून जात नव्हते. दोन्ही कारणं खरी आहेत. लॉबीचं काम दुसऱ्याला गेलं. त्याने तिथे प्लास्टिकचे बांबू लावलेत, लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात.

पाऊस सुरू झाल्यावर मी नवागामला गेले. आप्पा त्याच स्टुलावर बसले होते, हात पाठीमागे बांधून. झाडापासून हातभर लांब. अंघोळसुद्धा आता ते लांबूनच घालायचे. पिवळी पडलेली फांदी वाळली, ती मी काढली. दोनच उरल्या. त्या दिवशी मला वाटलं, संपलं. किशोरभाईंनी खात्यावरचा टेम्पो कधी येणार तेही सांगून टाकलं.

टेम्पो आला नाही, कारण त्याच आठवड्यात झाड फुटलं. पावसाची हवा त्याला डोंगराकडची वाटली असेल. बुडापासून वरपर्यंत, जिथे जागा मिळेल तिथे हिरवे ठिपके. आप्पांनी मला फोन लावला. फोनवर त्यांना बोलायची सवय नाही, त्यामुळे नुसतं "ताई, उनात," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. मी स्कूटर बाजूला घेऊन जरा वेळ थांबले. बऱ्याच दिवसांनी कामाचा आनंद झाला होता.

दसऱ्याच्या आधी मी ते ड्रममधून काढून खोल कुंडीत लावलं. कुंडी बदलायचा तो मोसम नव्हता, पण वास्तूचा मुहूर्त झाडाला विचारून काढत नाहीत. मुळं फारशी छाटली नाहीत. कुंडी एका माणसाला उचलता येत होती. ती आप्पांनी उचलली, लिफ्टमध्ये धरून उभे राहिले आणि कोणालाही हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर मी चिमटा आणि तार घेऊन पालला गेले. खरं काम आता होतं. एका जागी चार-चार फुटवे आले होते. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे काढायचे. समोरासमोर दोन आले तर एक काढायचा. फांद्यांमध्ये मोकळी जागा सोडायची, म्हणजे झाड दुरून बघितल्यासारखं, मोठं दिसतं. बोन्साय खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. अकराव्या मजल्यावर तापीवरून वारा येत होता. झाड त्या वाऱ्यात खूश दिसत होतं. बुडापासून टोकापर्यंत गच्च भरलं होतं, बाटली धुवायच्या ब्रशसारखं.

मी चिमटा पुढे नेला. आप्पांनी बुंध्यावर हात ठेवला.

"नही ताई. एकबी काढानं नही."

"आप्पा, आता काढावे लागतात. आता जे मी सांगतेय ते..."

"तुम्हीच सांगं ना, ह्या फांद्या शेतस."

मी समजावलं. तेव्हाच्या फुटव्यांत आणि आताच्या फुटव्यांत काय फरक आहे, निवड म्हणजे काय, गर्दी झाली तर आतला पाला कसा काळा पडतो, सगळं सांगितलं. त्यांनी प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकला, मान डोलावली. हात बुंध्यावरून काढला नाही. मी त्या हाताकडे बघितलं आणि चिमटा पिशवीत ठेवला.

तेवढ्यात किशोरभाई आले. कुंडीकडे वाकून बघितलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"ताई, हे बोन्साय झालं?"

आप्पा माझ्याकडे बघत होते.

"झालं," मी म्हटलं.

"असंच असतं?"

"या जातीचं असंच असतं."

किशोरभाईंनी खूश होऊन फोटो काढला, त्यात आप्पांना उभं केलं आणि माझ्या नावासकट साऱ्या नातेवाइकांना पाठवला. तो फोटो बघून मला आजवर एकही काम आलेलं नाही. अधूनमधून मी तिथे जाते. आप्पांचं लक्ष नसताना आतला काळा पडलेला पाला बोटांनी खुडून घेते, एवढीच माझी कारागिरी.

हल्ली नवीन क्लायंटकडे गेले की झाड बघायच्या आधी विचारते, घरात शेती केलेलं कोणी आहे का. हो म्हणाले तर पिशवी दाराशी ठेवते आणि आधी त्यांच्याजवळ जाऊन बसते. शेंडा काय, नंतरही कापता येतो.